चारमिनारच्या दारातला डाग

आमचा स्टुडिओ परभणीला, वर्षभर पासपोर्ट फोटो अन लग्नाच्या ऑर्डरी, नाण्याचे फोटो कधी काढलेच नव्हते. गेल्या महिन्यात गल्लीतले एक आबा तंबाखूच्या डब्यात चौदा हाली रुपये घेऊन आले, चारमिनारवाले. हाली म्हणजे निजामाचा अन कलदार म्हणजे इंग्रजाचा, जुन्या कलदारात चांदी ९१.७ टक्के, ह्यात ८१.८ अन वजनबी जरा कमी, म्हणून शंभर कलदारला साधारण ११६ हाली मोजावे लागायचे. घरात वाटण्या होणार होत्या, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो पाहिजे होते. मी म्हणलं बसा आबा, अर्ध्या तासाचं काम.

कसलं अर्धा तास! चांदी म्हणजे आरसाच, फ्लॅश मारला की मधोमध पांढरा भडका, रिंगलाईट लावली तर चारमिनारवर लाईटचंच कडं दिसायलं, अन सगळं बंद केलं तर नाण्यात माझी काळी लेन्स. शेवटी एका फोटोफ्रेमची काच काढली, लेन्स अन नाण्याच्या मधात ४५ अंशात तिरपी उभी केली अन लाईट बाजूनं मारली, उजेड काचेवर आपटून सरळ खाली नाण्यावर अन कॅमेरा काचेतून आरपार बघतो. चमकणारी चार नाणी झक्कास आली. फक्त त्यावर बारीक ओरखड्याचं जाळं दिसायलं, नातवानं चिंच अन राख लावून घासली होती. मी आबांना लेक्चर दिलं, काळपटपणा राहू द्यावा, घासलं की किंमत जाते, धरायचं तर कडेनं धरावं वगैरे. आबांनी गप ऐकून घेतलं.

काळ्या नाण्याला ती काच काही कामाची नाही, सगळं सपाट दिसतं. तिथं एकच एलईडी, टेबलाला टेकवून, आडवी. बोटभर सरकवली की एकेक अक्षर उठून येतं, अजून बोटभर सरकवली की गायब, ह्यातच तास गेला.

पाचवं नाणं फोटोशॉपमधी उघडलं. मधल्या कमानीत एक बारीक वाकडं काहीतरी, आपल्या ६ सारखं. मळ असंल, आधीच्या चारमधलाबी मी हीलिंग ब्रशनं उडवला होता. ब्रश नेला तेवढ्यात आबा उठलेच,

"आरं थांब, काय करायलास? ऐन हाय ते! उस्मानचं ऐन!"

आबा तिसरीपर्यंत निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. निजाम मीर उस्मान अली १९११ ला गादीवर आला, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर चारमिनारच्या दारात. त्याच्या आधीच्या महबूब अलीच्या रुपयावर तिथंच मीम, म्हणजे उर्दूतला म.

"ते आधीचे चार दाखव बरं."

दाखवले. चारही दारं रिकामी.

"मग हे कोणाच्या बापाचे म्हणायचे?"

रॉ फाईली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाईली, होत्या म्हणून वाचलो, परत पहिल्यापासून बसलो. अकराव्या नाण्याला आबा स्क्रीनला नाक लावून लई वेळ बघत राहिले. मीम होतं. ते नाणं डब्यात गेलंच नाही, बंडीच्या खिशात गेलं.

"ह्याचा फोटो पुसून टाक," आबा म्हणले, "अन बिल तेराचंच कर."