नेओमी सेगरचं नाव कुठे सापडतं: मिसूरी ते वालावाला

१८४४ च्या एप्रिलमध्ये मिसूरीतल्या सेंट जोसेफहून हेन्री आणि नेओमी सेगर हे जोडपं सहा मुलं आणि बैल जुंपलेली वॅगन घेऊन ओरेगनला निघालं. पोचली ती फक्त मुलं. सातजण. सातवी मुलगी वाटेतच जन्मली होती, आणि आईबाप दोघंही वाटेतच गेले. इथे अमेरिकेत शाळेतल्या मुलांना ही गोष्ट सांगतात, माझ्या लेकीने चौथीत ती घरी येऊन सांगितली तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जाईना.

आम्ही कॅन्सस सिटीजवळ राहतो, सेंट जोसेफ इथून गाडीने तासाभरावर. या उन्हाळ्यात ठरवलं की ही वाट, म्हणजे ओरेगन ट्रेल, जमेल तेवढी गाडीने करायची, आणि नुसते पॉईंट बघत नाही तर या एका घराण्याचा माग काढत जायचं. मला वंशावळींचं वेड आहे हे घरी सगळ्यांना माहितीये. आमच्या सासरच्या कुलवृत्तांताची जाडजूड प्रत मी इथे घेऊन आलेय आणि तो वाचताना दरवेळी एकच गोष्ट खटकते, बायकांचं लग्नानंतरचं नाव असतं, फार तर 'अमक्यांची कन्या', आणि मुलींच्या फांद्या लग्नाशी येऊन थांबतात. म्हणून या प्रवासात मी मुख्यतः नेओमीच्या मागे होते. हेन्रीचा माग कुणीही काढेल.

सेंट जोसेफ तेव्हा अगदी नवं गाव, जोसेफ रोबिडू नावाच्या फर व्यापाऱ्याने १८४३ मध्येच आखलेलं. सेगर आधी ओहायोत राहायचे, तिथून १८३८ मध्ये मिसूरीत आले, मग प्लॅट काउंटीत शेती केली. कॅथरीन ही त्यांची थोरली मुलगी, तिने १८६० च्या सुमाराला हा सगळा प्रवास लिहून ठेवला आणि आपल्याला जे काही माहीत आहे ते बरंचसं तिच्यामुळे. ती म्हणते वडिलांना एका जागी फार दिवस चैनच पडायची नाही. आईला ओरेगनला जायचं नव्हतं पण ती तयार झाली.

मिसूरी नदीच्या काठावर उभं राहून पलीकडे कॅन्सस बघताना मला पहिल्यांदा जाणवलं ते पाण्याचं प्रमाण. १८४४ चं साल म्हणजे मिसूरी नदीचा इतिहासातला सगळ्यात मोठा पूर, महिनोन्महिने पाऊस, आणि त्याच पावसात मे महिन्याच्या शेवटी नेओमी तंबूत बाळंत झाली. बाळंतीण आणि तान्ही मुलगी घेऊन पुन्हा गाडी हलली. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला उठू देत नाहीत, तेल, शेक, डिंकाचे लाडू, आणि ही बाई चिखलात रुतलेल्या वॅगनमध्ये.

नेब्रास्का आम्ही भराभर पार केलं. प्लॅट नदी उथळ, पसरट, आणि तिच्या बाजूने सपाट गवत, तासन्‌तास तेच. साउथ प्लॅट ओलांडल्यावर सेगरांची वॅगन उलटली आणि नेओमीला जबर मार बसला, ती बराच वेळ बेशुद्ध होती. चिमनी रॉक हा सुळका लांबून दिसायला लागला की अजूनही काहीतरी वेगळं वाटतं, कितीतरी मैल तो तसाच पुढे दिसत राहतो. लेक म्हणाली, "आई, त्यांना हा किती दिवस दिसत असेल?" बैलगाडीचा वेग दिवसाला पंधरा मैलांच्या आसपास, म्हणजे दोन-तीन दिवस तरी, असं आम्ही गाडीत बसून हिशेब केला.

फोर्ट लॅरमीला मात्र आम्ही पूर्ण दिवस काढला. १ ऑगस्टला, किल्ला जवळ आलेला असताना, नऊ वर्षांची कॅथरीन चालत्या गाडीतून उडी मारायला गेली, तिच्या फ्रॉकची किनार अडकली आणि ती चाकांखाली आली. डावा पाय चिरडला. ही उडी मारायची सवय सगळ्या पोरांना होती, कारण बैल थांबवायचे म्हणजे वेळ जायचा. तिथून पुढचा सगळा प्रवास तिने गाडीत पडून केला. किल्ल्याच्या पश्चिमेला गर्न्झी गावाजवळ वालुकाश्माच्या टेकडीवर त्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, आणि मी तुम्हाला सांगते, फोटोत त्याची काहीच कल्पना येत नाही. दगडात, मातीत नाही, काही ठिकाणी पाच फूट खोल. लेक खाली चाकोरीत उतरली तर मला वरून फक्त तिचं डोकं दिसत होतं. दगडाच्या भिंतीला हात लावला तर एका ठराविक उंचीवर तो गुळगुळीत लागतो, तिथे गाड्यांचे आस घासून घासून झिजलंय. हजारो गाड्या, सगळ्या एकाच जागेतून, कारण नदी आणि टेकडी यांच्यामध्ये दुसरी वाटच नव्हती.

साउथ पास म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर घाट होता, आपल्या बोरघाटासारखा काहीतरी. तसं अजिबात नाही. ७,४०० फुटांवरची रुंद, जवळजवळ सपाट खिंड, सगळीकडे सेजब्रशची करडी झुडपं आणि वारा. या सपाटीमुळेच गाड्या रॉकी पर्वत ओलांडू शकल्या, ही खिंड नसती तर कुटुंबकबिल्यासह पश्चिमेला जाणं शक्यच नव्हतं. तिथे एक दगड आहे नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग यांच्या आठवणीचा, १८३६ मध्ये या खिंडीतून गेलेल्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया. मी त्या दगडापाशी बराच वेळ उभी होते. आठ वर्षांनी नेओमी इथून गेली, आणि तिची मुलं पुढे वाढवली ती याच नार्सिसाने.

ग्रीन रिव्हर या खिंडीनंतर. हेन्रीला तोपर्यंत कॅम्प फीव्हर झाला होता, म्हणजे बहुधा टायफॉईड. ऑगस्टच्या शेवटी तो गेला आणि त्याला नदीकाठी पुरलं, झाडाच्या खोडाच्या दोन पन्हाळी कोरून त्याची शवपेटी केली. आज तिथे कबर नाही, खूण नाही. हायवे २८ नदी ओलांडतो तिथे जुन्या उताराची माहिती देणारे फलक आहेत, हिरवट थंड पाणी, काठाने कॉटनवुडची झाडं. मरताना हेन्रीने कॅप्टन शॉला मुलांना सांभाळायची विनंती केली होती. विल्यम शॉ त्यांच्या तांड्याचा कॅप्टन, तो आणि त्याची बायको सॅली, मुलं त्यांना अंकल बिली आणि आंट सॅली म्हणायची.

इथून आम्ही सॉल्ट लेक सिटीला वळलो, वाटेतच पडतं. तिथली फॅमिलीसर्च लायब्ररी हे वंशावळवाल्यांचं पंढरपूर म्हणायला हरकत नाही, मॉर्मन चर्च चालवतं, कुणालाही फुकट प्रवेश, आणि आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म्ससुद्धा याच लोकांनी करून ठेवल्यात. मदतीला बसलेल्या एक आजी होत्या, त्यांना मी म्हटलं की मला नेओमी सेगर हे नाव जनगणनेत शोधायचंय. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ती कधी गेली? १८४४. मग नाही सापडणार, म्हणाल्या. आणि मग नीट समजावून सांगितलं. १८५० च्या आधीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे. बाकी माणसं म्हणजे रकान्यातले आकडे, वीस ते तीस वयोगटातली गोरी स्त्री: एक, पाच वर्षांखालच्या मुली: दोन, असं. प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली ती १८५० ला. (गुलामांची तेव्हाही नावं नाहीत, फक्त वय, लिंग, रंग आणि मालकाचं नाव, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.) म्हणजे बाप नाहीतर नवरा प्रमुख असलेल्या घरातच सगळं आयुष्य काढून नेओमी १८५० च्या आधी गेली, तिचं नाव देशाच्या एकाही शिरगणतीत येण्याचा मार्गच नव्हता. सात मुलांची आई म्हणजे एका रकान्यातली एक रेघ. माझ्या घशात आवंढा आला अक्षरशः.

तिचं माहेरचं आडनाव कार्नी. ते टिकलं ते मुलींच्या आठवणींमुळे.

आयडाहोत स्नेक नदीचं खोरं आहे, आज तिथे ट्विन फॉल्स गाव, हिरवीगार बटाट्याची नि बीटची शेती, सगळी विसाव्या शतकातल्या कालव्यांच्या पाण्यावर. १८४४ मध्ये नुसती धूळ. नदी शेकडो फूट खाली दरीत, पाणी दिसतंय पण जनावरांना पाजता येत नाही. या धुळीत, तापाने फणफणलेली, तीन-चार महिन्यांचं बाळ घेतलेली नेओमी गाडीत पडून होती, आडोसा म्हणून चादर बांधलेली. हेन्रीनंतर सव्वीस दिवसांनी ती गेली. वाटेलगत खड्डा, तळाशी विलोच्या फांद्या, वर फांद्या, माती. एका फळीवर नाव कोरून ती उभी केली आणि तांडा पुढे निघाला. तिचं नाव कुठे लिहिलं गेलं असेल तर ते त्या फळीवर, आणि ती फळी किती दिवस टिकली असणार.

हॅन्सनजवळ रॉक क्रीकला १८६५ चं एक जुनं दुकान राखून ठेवलंय, ट्रेलवरचंच. नेओमीच्या नंतरचं आहे ते, पण वाट तीच. तिथे मी गाडीतून आणलेली झेंडूची फुलं ओढ्याकाठी ठेवली. नेमकी जागा कुठली हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून कुठेतरी ठेवली.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी. लहान मुलांच्या गोष्टींमध्ये असं रंगवतात की थोरल्या जॉनने एकट्याने भावंडांना डोंगर ओलांडून नेलं. जॉन धीराचा होता यात शंका नाही, तेरा-चौदा वर्षांचा पोर. पण मुलं जगली ती शॉ नवराबायकोमुळे, डेगन नावाच्या एका जर्मन डॉक्टरमुळे, जो वॅगन कापून केलेली दोन चाकांची गाडी हाकत त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिला, आणि तांड्यातल्या बायकांमुळे, ज्यांनी आळीपाळीने त्या बाळाला पाजलं. यातल्या बहुतेक बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मला हे एकट्या मुलाच्या शौर्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

शेवटचा टप्पा वॉशिंग्टन राज्यातल्या वालावालाजवळचं व्हिटमन मिशन. मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन, मिशनरी डॉक्टर आणि त्याची बायको. त्यांची एकुलती एक मुलगी अ‍ॅलिस १८३९ मध्ये दोन वर्षांची असताना नदीत बुडून गेली होती. त्यांनी सातही मुलं ठेवून घेतली. आणि आता मला ज्या गोष्टीसाठी हा प्रवास सार्थकी लागला असं वाटतं ती: तान्ह्या मुलीचं नाव बदलून हेन्रिएटा नेओमी ठेवलं. बापाचं आणि आईचं, दोन्ही. जिला आईबापाचा चेहरा आठवणं शक्यच नव्हतं तिच्या अंगावर दोघांची नावं राहिली.

मिशनच्या जागेवर आता गवत आहे आणि घरांच्या पायाच्या रेषा आखल्यात. १८४७ मध्ये गोवराची साथ आली. कायूस या तिथल्या मूळनिवासी लोकांमध्ये या आजाराची प्रतिकारशक्ती नव्हती, जवळपास निम्मी जमात गेली, गोऱ्यांची मुलं मात्र बरीचशी वाचत होती, आणि ज्या वैद्याचे रोगी मरतात त्याचा जीव घ्यायची त्यांच्यात रीत होती. २९ नोव्हेंबरला हल्ला झाला. व्हिटमन नवराबायको, जॉन आणि फ्रान्सिस सेगर धरून तेरा माणसं मारली गेली. त्यांची छोटी बहीण हॅना लुईझा कैदेत गोवराने गेली. महिनाभराने हडसन्स बे या फर व्यापाऱ्यांच्या कंपनीच्या पीटर स्कीन ऑग्डेनने ब्लँकेटं, शर्ट, बंदुका, तंबाखू देऊन ओलिसांना सोडवलं. १८५० मध्ये पाच कायूस पुरुषांना ओरेगन सिटीत फाशी दिलं. मोठ्या कबरीवरच्या संगमरवरी फरशीवर दोन्ही भावांची नावं आहेत, मी बोट फिरवून वाचली.

पण कायूसांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकायची तर पेंडलटनजवळच्या टमास्टस्लिक्ट केंद्रात जायलाच हवं, ते त्यांच्या जमातींनी स्वतः उभारलंय. 'आम्ही होतो, आम्ही आहोत, आम्ही असणार' अशा तीन भागांत मांडणी. त्या साथीत गेलेल्या कायूस आयांची नावं तर फळीवरसुद्धा कुणी कोरली नाहीत, आणि सेगरांच्या मुलांवर जीव जडल्यावर मला हे सगळ्यात जड गेलं.

मागे राहिलेल्या चार मुली ओरेगनमधल्या विलॅमेट खोऱ्यात वेगवेगळ्या घरी वाढल्या. कॅथरीनने १८५१ मध्ये क्लार्क प्रिंगलशी लग्न केलं, त्याची आजी म्हणजे टॅबिथा ब्राउन, जी १८४६ मध्ये वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ही वाट करून आली आणि फॉरेस्ट ग्रोव्हला तिने अनाथ मुलांसाठी शाळा काढली, पुढे तिचीच पॅसिफिक युनिव्हर्सिटी झाली. कॅथरीनला आठ मुलं, एलिझाबेथला नऊ, मटिल्डाला आठ. १८९७ मध्ये पन्नास वर्षांनी तिघी बहिणी पुन्हा मिशनवर आल्या, हेन्रिएटा त्याआधीच कॅलिफोर्नियात गोळी लागून गेली होती. मटिल्डा १९२८ पर्यंत जगली, विमानं, मोटारी सगळं बघून.

कुणाला असाच माग काढायचा असेल तर ओरेगनचे जमिनीचे दावे नक्की बघा. १८५० च्या डोनेशन लँड क्लेम कायद्याने नवराबायकोला मिळून ६४० एकर मिळायची आणि त्यातली अर्धी बायकोच्या स्वतःच्या नावावर, त्यामुळे लग्न कधी, कुठे, कुणाशी झालं हे लिहून द्यावं लागायचं आणि तिचं नाव कागदावर येतंच. पुढच्या वेळी मी ओरेगनच्या राजधानीत, सेलमला जाऊन प्रिंगलांचे कागद बघणार आहे. तोवर सासूबाईंना फोन करून त्यांच्या आईचं, आजीचं, पणजीचं माहेर विचारून घेतलंय, पणजीपाशी येऊन त्याही अडल्या, आता चिपळूणच्या मामंजींना विचारते.