तुम्ही विचारलंत म्हणून : यात शिकायचं काय असतं?

"कोचिंग? कुठल्या विषयाचं?"

सोलापुरात मी कोच आहे असं सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो. आपल्याकडे कोचिंग म्हणजे दहावी-बारावीचे क्लासेस. कोच म्हणजे पार्क स्टेडियमवर पोरांना पळवणारे सर, नाहीतर हुतात्मा एक्स्प्रेसचा डबा. त्यामुळे या प्रश्नाचा मला राग येत नाही. त्याच्या मागोमाग येणारा दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा असतो. तो मला लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना आणि एकदा तर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत विचारलाय. "सल्ला द्यायला शिकायचं काय असतं हो? आमचे आजोबा फुकट द्यायचे."

माझं कोचिंग म्हणजे प्रश्न विचारून आणि ऐकून समोरच्याला त्याचं त्यालाच ठरवायला मदत करायची. सल्ला द्यायचा नाही, हेच शिकायचं असतं. एवढं बोलून मी आजवर सुटत आले. आज जरा सविस्तर सांगते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी चौदा वर्षं हजेरी आणि हिशोब बघत होते. उचल मागायला आलेला माणूस दारातल्या उभं राहण्यावरूनच ओळखू यायचा. तो तोंड उघडायच्या आत माझं सुरू : "का पाहिजे? मागची फिटली का? आधी ती भिशी बंद कर." चौकशी, निकाल आणि उपदेश एका दमात. लोक ऐकून घ्यायचे, कारण सही माझ्या हातात होती. मला मात्र वाटायचं, आपल्याला माणसं कळतात. त्याच भरवशावर कोचिंगच्या प्रशिक्षणाला नाव घातलं आणि फीसाठी एक पाटली मोडली.

या क्षेत्रात इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन नावाची संस्था आहे, 1995 साली सुरू झालेली. तिच्या पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र हवं तर किमान 60 तासांचं शिक्षण आणि 100 तासांचा सराव लागतो. शिवाय एका अनुभवी कोचकडून 10 तास स्वतःचं काम तपासून घ्यायचं, तेही तीन महिने किंवा जास्त काळात विभागून. सगळं एका आठवड्यात उरकता येत नाही. आपल्या देशात मात्र कोचची पाटी लावायला कसलाच परवाना लागत नाही. आज ठरवलं तर उद्या लावता येते. म्हणून कुणी एकवीस दिवसांत आयुष्य बदलून देतो म्हणालं, तर कुठे शिकलात आणि किती तास केलेत, हे बेलाशक विचारा. मलाही विचारा.

माझं काम तपासणाऱ्या बाईंना मी पहिलं रेकॉर्डिंग पाठवलं, अर्थात समोरच्याची परवानगी घेऊन. त्यांनी घड्याळ लावून ऐकलं. "चाळीस मिनिटांपैकी सव्वीस मिनिटं तुमचाच आवाज आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "पण मी प्रश्नच विचारत होते." त्यांनी तो भाग पुन्हा लावला. 'तुम्हाला नाही वाटत की तुम्ही भावाशी एकदा बोलून बघावं?' याला प्रश्न म्हणतात का! सल्ल्यालाच शेवटी प्रश्नचिन्ह लावलं होतं.

दुसरी खोड होती 'का' ची. हजेरी घेणाऱ्या बाईचा 'का' म्हणजे 'काल का आला नाहीस' मधला. त्यावर माणूस कारण देतो, तेही तयार असलेलं. 'का' सोडून 'काय झालं', 'कशामुळे' असं विचारायला लागले तेव्हा उत्तरं लांबली. हे इंग्रजीतून शिकवतात तेव्हा तिथल्या 'व्हाय' बद्दल शिकवतात, पण आपल्या 'का' ला सोलापुरी सूर लागला की तो थेट 'का बे' वरच जातो.

शब्दांचीच गंमत 'ग्रो' पद्धतीत झाली. गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल अशा चार पायऱ्या : काय हवंय, आत्ता काय आहे, काय काय करता येईल आणि त्यातलं काय करणार. 1980च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली आणि आज जवळपास प्रत्येक कोच ती शिकतो. मी 'गोल' चं 'ध्येय' केलं. झालं! ध्येय म्हटलं की आपला माणूस ताठ बसतो आणि वक्तृत्व स्पर्धेत बोलल्यासारखं बोलायला लागतो. समाज, आईवडील, देश. शेवटी मी तो शब्दच टाकून दिला. आता विचारते, "हे सगळं सुटलं असं धरा. मग पुढच्या सोमवारी सकाळी काय वेगळं असेल?" सोमवारबद्दल कुणी भाषण करत नाही.

एक गोष्ट सांगायला जड जाते. सरावाच्या दिवसांत एक तरुण मुलगा यायचा, नोकरी बदलायची म्हणून. तिसऱ्या भेटीत म्हणाला, महिनाभर झोप नाही, जेवण जात नाही, जगून तरी काय करायचंय. मी पुढचा ठरलेला प्रश्न विचारला. माझे तास मोजायचे चालले होते ना! दोन-तीन मिनिटांनी माझं मलाच कळलं आणि थांबले. हे काम कोचचं नाही, डॉक्टरांचं आहे. त्याला तसं सांगितलं, त्याच्यासमोरच त्याच्या भावाला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत गेले. टेलि-मानसचा 14416 हा मानसिक त्रासात मदतीसाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलतात. तो आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असतो. त्या दिवशीचा तास मी नोंदीत धरला नाही.

प्रमाणपत्रासाठीच्या त्या 100 तासांच्या सरावातले 75 तास पैसे घेऊन केलेले असावे लागतात. आता सोलापुरात ओळखीच्या माणसाकडून बोलण्याचे पैसे कसे मागायचे? नियम नीट वाचला तेव्हा कळलं की रक्कम कितीही चालते, बदल्यात वस्तू घेतली तरी चालते. म्हणून माझ्या नोंदवहीत एका ठिकाणी मोबदल्याच्या रकान्यात लिहिलंय : 'शेंगा चटणी, पाव किलो'.

ती देणारी बाई घरून कडक भाकरी आणि चटणी विकते. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) पुण्याच्या एका दुकानदाराने तिला दर महिन्याला मोठी ऑर्डर देऊ केली होती, घ्यावी की नको ते ठरेना. तिला समोरासमोर खुर्च्या टाकून बसायला जमेना, म्हणून मी तिच्या उखळाशेजारी पाट घेऊन बसले. शेंगदाणे, लसूण, तिखट, आणि तेल सुटेपर्यंत धपधप. प्रशिक्षणात मला शांतता सगळ्यात अवघड गेली होती. तिथे मुसळ चालू असल्यामुळे ती जाणवलीच नाही.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

"पोराचं इंजिनिअरिंग व्हावं. सासूबाईंचे गुडघे बरे व्हावेत."

"आणि तुम्हाला?"

"तेच की, ताई."

मी गप्प बसले. मग विचारलं, "उद्या चटणी कुटायची नाही असं ठरलं, तर उठून काय कराल?"

मुसळ थांबलं. तिने कडेची चटणी बोटांनी आत ढकलली. घरात त्यांची कन्नड आहे, आकडे ती कन्नडमध्येच मोजते. काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "हिशोब करत बसेन. किलोमागं मला काय सुटतंय तेच कळंना झालंय."

माझे हात शिवशिवायला लागले. दाणे, तेल, मसाला, गॅस, पिशव्या, तिची मजुरी. पाच मिनिटांचं काम! चौदा वर्षं मी दुसरं काय केलं होतं? पण कोच म्हणून बसलेली बाई मध्येच मास्तरीण झाली तर समोरच्याला कळत नाही की ऐकायचं की मानायचं. शिकवणीतली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच : दुसरी टोपी घालायची तर विचारून घालायची. मी म्हटलं, "हिशोब मला येतो. आता कोच म्हणून नाही, कारखान्यातली बाई म्हणून बसू का?" ती हसली आणि पोराची जुनी वही घेऊन आली. मजुरीच्या रकान्यात तिने शून्य लिहिलं होतं. मी बोट ठेवलं, बोलले नाही. बराच वेळ तिने त्या शून्याकडे पाहिलं आणि मग खोडलं.

पुढच्या भेटीत तिने सांगितलं की किलोमागे भाव वाढवलाय आणि पुण्याची ऑर्डर नाकारलीय. कारण काय ते मी विचारलं नाही.

तिने ती ऑर्डर घ्यायला हवी होती असं मला अजून वाटतं. आकडे जुळत होते, एखादी मदतनीस ठेवली असती तर सहज झालं असतं. डबा संपत आलाय, रविवारी चटणी आणायला जायचंय. तिथे गेल्यावर हे माझ्या तोंडून निघू नये म्हणून मी रस्ताभर स्वतःला बजावत जाणार आहे.