माळावरचा लांडगा, कोल्हा, कुत्रा आणि त्यांच्यामधलं काहीतरी

मे महिन्यातला लांडगा ओळखायला सगळ्यात अवघड. थंडीतली दाट लव झडलेली असते, पाय काठ्यांसारखे लांब दिसतात, कान डोक्याच्या मानाने मोठे वाटतात आणि पोट पाठीला लागलेलं असतं. असा लांडगा 'मरतुकडं कुत्रं' म्हणून सहज नजरेआड होतो. उलट वस्तीवरचं एखादं धष्टपुष्ट करडं कुत्रं लांडगा म्हणून फोटोसकट फिरत राहतं. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर आता या गोंधळात तिसरी शक्यता आली आहे, ती म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पुणे परिसरातल्या अशा संकराला दुजोरा दिला. त्या प्राण्यांचा रंग नेहमीपेक्षा वेगळा होता, म्हणून संशय आला होता. पण रंग वेगळा म्हणजे संकर, असा उलटा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्यासाठी आधी साधा लांडगा नीट ओळखता यायला हवा.

पहिल्यांदा नावांचा घोळ. इंग्रजीतल्या फॉक्सचं भाषांतर सर्रास 'कोल्हा' असं होतं, पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. तो जेमतेम दोन-तीन किलोचा असतो, झुपकेदार शेपटीचं टोक काळं असतं, आणि लांडग्याशी त्याची गल्लत होण्याचं कारण नाही. तरसाचंही तसंच. उतरती पाठ, आयाळ आणि अंगावरचे उभे पट्टे दिसले की विषय संपला. खरी अडचण लांडगा, कोल्हा आणि कुत्रा या तिघांमध्येच येते.

आकारावर विश्वास ठेवायचा, पण शेजारी माप असेल तरच. भारतीय लांडगा साधारण १७ ते २५ किलोचा आणि खांद्याशी सुमारे ६० ते ७० सेंटीमीटर उंच. कोल्हा ८ ते ११ किलोचा आणि उंचीला जेमतेम ४० सेंटीमीटर. कागदावर हा फरक मोठा वाटतो, मोकळ्या माळावर मात्र चारशे मीटरवरून तो विरघळून जातो, कारण तिथे झाड नाही, भिंत नाही, तुलनेला काहीच नाही. जवळ मेंढरं चरत असतील तर काम सोपं होतं. लांडग्याचा खांदा मेंढीच्या खांद्याच्या जवळपास येतो, कोल्हा तिच्यापुढे अगदीच बुटका दिसतो. मेंढरं नसतील तर तो ज्या बांधाजवळून किंवा दगडाजवळून गेला ती जागा लक्षात ठेवा आणि प्राणी निघून गेल्यावर तिथे काठी उभी करून उंची मोजा. मार्च-एप्रिलमध्ये एक जादा सापळा असतो. लांडग्याची पिल्लं बहुतेक हिवाळ्यात, डिसेंबरच्या आगेमागे जन्मतात. ती चार महिन्यांची झाली की कोल्ह्याएवढी दिसतात. त्यांचे पंजे आणि कान अंगाच्या मानाने बेढब मोठे असतात. कोल्ह्याचं सगळं अंग प्रमाणात असतं.

आकारापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे चाल. लांडग्याची छाती अरुंद आणि खोल असते, कोपरं आत वळलेली, पुढचे दोन पाय एकमेकांच्या अगदी जवळ. तो दुडक्या चालीने निघाला की मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो आणि ठशांची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ जाते. पाठ हलत नाही, डोकं पाठीच्या रेषेत किंवा किंचित खाली. शेपटी सरळ खाली लोंबते आणि मागच्या पायाच्या वर उचललेल्या टाचेपर्यंत पोचते. कळपात रुबाब दाखवताना तो ती वर धरतो, पण तिची गुंडाळी होत नाही. कुत्र्याची छाती रुंद, त्यामुळे पुढचे पाय फाकलेले. ठसे दोन ओळींत पडतात. कुत्रा वाटेत दहा ठिकाणी थांबतो, वास घेतो, मागे वळतो. शेपटी वर, बहुधा वळलेली. कोल्हा जमिनीलगत, पाय आखूड, मुस्कट बारीक आणि टोकदार, शेपटी आखूड आणि टाचेच्या बरीच वर संपणारी.

चेहरा समोरून दिसला तर कपाळ बघा. लांडग्याचं कपाळ हळूहळू उतरत नाकाला मिळतं, कुत्र्याच्या डोळ्यांपुढे बहुधा स्पष्ट पायरी असते. लांडग्याचे डोळे पिवळसर, मधाच्या रंगाचे आणि तिरके बसवलेले; गावठी कुत्र्याचे बहुतेकदा तपकिरी. गालापासून गळ्यापर्यंतचा फिका पट्टा लांडग्याला असतो, पण कडेला तो धुरासारखा विरत जातो. कुत्र्याचे पांढरे डाग कात्रीने कापल्यासारखे काठ धरून असतात. याचं कारण केसात आहे. लांडग्याचा एकेक केस पट्ट्यापट्ट्यांचा असतो, बुडाशी फिका, मध्ये पिवळट, टोकाला काळा. लांबून जो करडा रंग दिसतो तो या सगळ्याची बेरीज असते. काटेरी तारेला अडकलेली एखादी लव तिथल्या तिथेच, न काढता, भिंगातून बघितली तर हे सहज दिसतं.

ओल्या मातीतले ठसे मिळाले तर कोल्ह्याचा प्रश्न तिथेच सुटतो. कोल्ह्याच्या पंजातल्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात. चिखल बारीक असेल तर तो जोड इंग्रजी यू अक्षरासारखा स्पष्ट उमटतो. लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या गाद्या सुट्या असतात. जाड वाळूत मात्र हे शोधू नका, तिथे सगळेच ठसे फुगून मोठे दिसतात. लांडगा आणि कुत्रा यांचा फरक एका ठशावरून सांगण्याचा मोह टाळलेला बरा. किमान वीस-पंचवीस पावलांची सलग ओळ हवी.

आवाजाचं थोडक्यात. कोल्हेकुई म्हणजे चिरका, चढत जाणारा, एकमेकांवर आदळणारा गलका. लांडग्याची आरोळी जाड, लांब आणि सावकाश उतरणारी. लांडगा भुंकतोही, पण तुटक आणि क्वचित.

आता संकराकडे. लांडगा आणि कुत्रा दोघांचीही ७८ गुणसूत्रं, पिल्लं होतात आणि ती पुढे प्रजननक्षमही असतात. मग हे पूर्वी सर्रास का दिसत नव्हतं? धडधाकट कळपात नर-मादी ठरलेली असते आणि परक्या कुत्र्याला थारा मिळत नाही, उलट लांडगे कुत्र्यांना मारतात. रस्त्यावर गाडीखाली एखादा लांडगा मेला, बिळातली पिल्लं मारली गेली, गवताळ रान तुटत गेलं की कळप मोडतो आणि एकटी पडलेली मादी जोडीदार शोधत हिंडते. त्याच भागात पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्यांच्या ढिगांवर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या पोसलेल्या असतात, आणि लांडगेही तिथे येतात. भेटीची जागा आपणच तयार करून ठेवलेली असते.

संशय घ्यावा अशी लक्षणं अशी: पायाच्या बोटांवर किंवा छातीवर काठ धरलेले पांढरे डाग, पट्टे नसलेला एकसारखा बदामी किंवा काळा रंग, टोकाशी मुडपलेले कान, कमानीसारखी शेपटी, काळ्याऐवजी फिकट किंवा पांढरी नखं. आणि सर्वांत दुर्लक्षित लक्षण म्हणजे मागच्या पायाच्या आतल्या बाजूला वर लटकणारं जादा नख. पुढच्या पायावर ते लांडग्यालाही असतं, मागच्या पायावर मात्र ते कुत्र्याच्या वारशाकडे बोट दाखवतं. यातलं एकच लक्षण दिसलं तर नोंद करून गप्प बसावं. तीन-चार एकत्र दिसली, चाल आणि बांधा मात्र लांडग्याचा असला, तर 'संशयित संकर' असं लिहावं. त्यापुढे डोळ्याने जाता येत नाही. संकराची मादी पुन्हा लांडग्याशी जुगली, तिची पिल्लंही तशीच, की दोन-तीन पिढ्यांत ती लांडग्यासारखीच दिसू लागतात.

प्रयोगशाळेतही एक खाच आहे. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, डीएनए फक्त आईकडून येतो. आई लांडगी आणि बाप कुत्रा असेल तर एवढ्या एकाच चाचणीत पिल्लू शंभर टक्के लांडगा ठरतं. म्हणून पेशीकेंद्रातल्या जनुकांची तपासणी लागते. उत्तर अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या कायोटींमध्ये (कायोटी म्हणजे तिथला कोल्ह्यासारखा प्राणी) कायोटी, लांडगा आणि कुत्रा या तिघांचाही वारसा आहे, हेही अशाच तपासणीतून पक्कं झालं.

फसवणाऱ्या गोष्टीही माहीत असाव्यात. खरजेने केस गळालेला कोल्हा चमत्कारिक दिसतो आणि हमखास 'संकर' ठरतो. मावळतीच्या उन्हात कुठलाही लांडगा तांबूस दिसतो. लाल मातीत लोळून आलेलाही तसाच. लांडगा कुत्र्यांसोबत दिसला एवढ्यावरून त्यांची जोडी जमली असं समजू नये, बऱ्याचदा ते एकाच ढिगावर खायला आलेले असतात. निरोगी लांडग्याला घाईने संकर म्हणणं मला सगळ्यात घातक वाटतं. 'तो काही खरा लांडगा नाही' हे एकदा परिसरात पसरलं की त्याच्या जिवाची पर्वा करणारं कोणी उरत नाही. देशभरात हे लांडगे तीन हजारांच्या आसपासच आहेत.

फोटो काढायचे तर चेहऱ्याच्या मागे लागू नका. पूर्ण बाजूने उभा असलेला एक, चालतानाचा शेपटीसकट एक, आणि मागचे पाय स्पष्ट दिसणारा एक, एवढे तीन पुरतात. ऊन डोक्यावर यायच्या आत काढा, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरली की पायांच्या कडा धूसर होतात. ठशाचा फोटो बरोबर वरून, शेजारी पट्टी ठेवून. गाडी कच्च्या वाटेवरच ठेवा, प्राणी तुमच्याकडे बघत थांबला असेल तर तुम्ही पुरेसे दूर नाही. डिसेंबर ते मार्च बिळांच्या परिसरात पायी जाऊ नये, माणसाचा वावर वाढला की मादी पिल्लं दुसरीकडे हलवते आणि त्या धावपळीत कुत्री त्यांना गाठतात.

विष्ठा किंवा केस स्वतः गोळा करू नका. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे आणि नमुने घ्यायला परवानगी लागते. तारीख, वेळ, ठिकाण, सोबत किती प्राणी होते, यांसह तिन्ही फोटो वनविभागाला द्या. महाराष्ट्रात त्यांची मदतवाहिनी १९२६ आहे. समाजमाध्यमावर टाकायचा असेल तर तालुक्याचं नाव लिहा, माळाचं नको. फोटोत चिकटलेलं जीपीएस आधी काढून टाका.