गरीब घराचं लिहायचंय? आधी गिरवीची पावती शोधा

दारुडा बाप, सोसणारी आई, गळकं छप्पर. अशा बालपणाची आठवण लिहायला बसलं की पहिल्या पानावर पाऊस पडतो, दुसऱ्यावर आई रडते, आणि त्या घरात माणसं पाच होती की नऊ, हे तिसऱ्या पानापर्यंत कळत नाही. रडणं खोटं नसतं, पण त्याखाली हिशेब नसला की कुठल्याही घराचं वाटतं.

सुरुवात खोलीच्या नकाशापासून करावी. मोरी कुठे, दार आत उघडायचं की बाहेर ओटल्यावर, रात्री कोण कुठे झोपायचं. मोरीपाशी झोपणाऱ्या मुलाला रात्रीच्या भांडणातलं काय दिसलं आणि काय नुसतं ऐकू आलं, हे नकाशाच सांगतो. तो नसला की लिहिणारा नकळत भिंतीपलीकडचंही पाहू लागतो.

मग कागद. आपल्या इंदुरात मिलवाल्यांच्या घरी ते हमखास सापडतात. कापडाची हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. एवढी वर्षं घरोघरी कागद जपले गेले, कुठे ट्रंकेत तर कुठे गादीखाली. नंदानगर-परदेशीपुऱ्यात कुणाकडे अशी फाइल असेल तर आधी ती मागा. कामाला लागल्याची तारीख, खातं, पगार, सगळं तिथे मिळू शकतं. कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, कार्ड सापडलं तर घरातली माणसं मोजता येतात. शाळेच्या दाखल्यावरून घर कधी बदललं ते कळतं.

गिरवीची, म्हणजे गहाणाची, पावती सगळ्यात बोलकी. समजा, आईच्या पाटल्या सराफाकडे हजार रुपयांवर ठेवल्या आणि व्याज शेकडा ३ रुपये महिना. म्हणजे महिन्याला ३० रुपये. ते भरलेच नाहीत, तर ३४ व्या महिन्यात व्याज मुदलाच्या पुढे जातं. मग पाटल्या ‘सुटल्या नाहीत’ हे दैव राहत नाही, गणित होतं. आईला ते गणित माहीत होतं का, आणि माहीत असून ठेवल्या का, हा प्रश्न दहा पानांच्या हुंदक्यांपेक्षा मोठा आहे.

किराण्याचंही तसंच. ‘आम्ही गरीब होतो’ असं लिहू नका. तेल किलोनं यायचं की रोज बाटलीत ५० ग्रॅम, ते लिहा. रोजचं सुटं तेल महाग पडतं, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. एकरकमी पैसे हातात नसतात, एवढंच. आणि रात्री चूल पेटली नाही तर पोरांच्या हातावर सेव-परमल, म्हणजे शेव-मुरमुरे, पडायचं की तेही नाही?

एखादी वस्तू मात्र अगदी जवळून दाखवा. उदाहरणार्थ, पंपाचा स्टोव्ह. वाटीत थोडं रॉकेल पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. घाई केली तर बर्नर थंड राहतो, रॉकेलची वाफ होत नाही, पिवळी ज्योत वर उसळते आणि भांडी काळी होतात. भोक बुजलं की पिन मारायची. पेटल्यावर त्याचा आवाज अख्ख्या खोलीत घुमतो. आता बाप रात्रपाळी करून, किंवा पिऊन, झोपलाय आणि पोराला शाळेआधी चहा हवाय. आई स्टोव्ह पेटवते की नाही, एवढ्या एका गोष्टीत घरातली भीती येते. ‘दहशतीचं वातावरण’ हे शब्द मग खोडून टाका.

‘मिल बंद पडली आणि बाप दारूला लागला’ हे वाक्य फार सोयीचं आहे. तारखा लावून बघा. पुष्कळदा दारू आधीची निघते. मिल होती तोवर पगाराच्या दिवसापुरती असते, एवढंच.

मावशीला ‘तेव्हा कसं होतं?’ विचारलं तर ‘बरं होतं रे’ यापलीकडे काही मिळत नाही. पगाराच्या दिवशी काय शिजायचं, बाबा किती वाजता यायचे, पैसे कुणाच्या हातात द्यायचे, असं विचारा. भावंडांना वेगवेगळं गाठा. एकत्र बसली की सगळ्यात थोरल्याचीच आठवण सगळ्यांची होऊन बसते. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही ठेवा.

भाषेला इस्त्री करू नका. इथल्या कितीतरी घरांत जेवण मराठीत आणि भांडण हिंदीत. त्या शिव्या सदाशिव पेठी मराठीत आणल्या की बापच बदलतो.

शेवटी कायद्याचं. खरं लिहिलं म्हणजे सुटलो, असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीच्या आरोपात नुसतं खरेपण पुरत नाही, ते छापण्यात लोकहितही दाखवावं लागतं. मेलेल्या माणसाबद्दलचं लिखाणही, घरच्यांना दुखावण्याच्या हेतूनं केलेलं असेल, तर त्यात येऊ शकतं. आणि नुसतं नाव बदलून काही लपत नाही. लंगडणारा, पानाची टपरी चालवणारा काका गल्लीत सगळे ओळखतात. त्याचा धंदा बदला, पोरांची संख्या बदला, हवं तर गल्लीही बदला. पाटल्यांचं वजन आणि व्याजाचा दर तेवढा पावतीवर आहे तसाच ठेवा.