माकडाच्या नावाचा लिलाव

बोलिव्हियातील मादिदी राष्ट्रीय उद्यानात संशोधक रॉबर्ट वॉलेस यांना आढळलेल्या, डोक्यावर सोनेरी केस आणि शेपटीला पांढरे टोक असलेल्या टिटी माकडाच्या नामकरणाचा हक्क २००५ मध्ये लिलावात निघाला आणि ‘गोल्डन पॅलेस’ या ऑनलाइन कॅसिनोने तो साडेसहा लाख डॉलरना घेतला. निरुपद्रवी प्राण्याला जुगाराच्या अड्ड्याचे नाव कायमचे चिकटावे, हे मलाही खटकते. परंतु ती रक्कम त्याच उद्यानाच्या संरक्षणासाठी होती आणि वनरक्षकांचे पगार काही नुसत्या तत्त्वनिष्ठेवर होत नाहीत. २०१६ मध्ये वर्गीकरण बदलून शास्त्रीय नावातील पहिल्या, म्हणजे प्रवर्गाच्या, नावात ‘कॅलिसिबस’च्या जागी ‘प्लेक्टुरोसिबस’ आले, तरी प्रजातीचे विकत घेतलेले नाव ‘ऑरेइपॅलाटी’ (लॅटिनमध्ये ‘सोनेरी महालाचे’, म्हणजेच ‘गोल्डन पॅलेस’चे) नामकरणाच्या नियमाप्रमाणे तसेच राहिले. माझी धास्ती निराळीच आहे: चांगली बोली लागेल या आशेने कोणी अपुऱ्या पुराव्यावर ‘नवी’ प्रजाती जाहीर केली, तर?