द्राक्षाचं पान घेऊन मोबाईलच्या दुकानात

२०२४ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी बागेतून तीन पानं तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आणि तासगावला निघाले. आत्या सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. डबा बघून म्हणाल्या, "पानं कुणाला दावायची हायत? सर तर गुरवारी येणार न्हवं?"

"सरांना नाही आत्या, मोबाईलच्या दुकानात न्यायचीत."

त्यांना नवल वाटलं, पण अडवलं नाही. गेल्या नोव्हेंबरात काय झालं ते त्यांनीही पाहिलं होतं.

२०२३ च्या नोव्हेंबर अखेरचा तो अवकाळी पाऊस द्राक्षवाले विसरणार नाहीत. आमची सुपर सोनाका जातीची बाग ऑक्टोबर छाटणीपासून पन्नासाव्या दिवसाच्या आसपास होती, मणी नुकते धरत होते. पाऊस थांबल्यावर बागेत फिरताना एका पानावर फिकट, तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग वाटला. खात्री नव्हती. फोन काढला, उन्हात पडद्यावर काही दिसेना, अंदाजानेच फोटो काढला आणि सल्लागार सरांना पाठवला. त्यांच्याकडे पोचला तो हिरवागार, टवटवीत पानाचा फोटो. "पान चांगलं दिसतंय, पण उद्या परत बघा," असा निरोप आला. उद्या परत पाऊस होता. परवा पान उलटून बघितलं तर मागे पांढरी बुरशी, आणि खालच्या अंगाच्या सहा ओळींत ती घडावर उतरलेली. ही डाऊनी, म्हणजे केवडा रोग. ती घडावर आली की औषधाने पुढचा प्रसार थांबतो, गेलेले मणी परत येत नाहीत.

चूक कुठे झाली याचा मी महिनाभर विचार केला. पहिली माझी स्वतःची: पानाची वरची बाजू पाठवली, खालची नाही. डाऊनीची खरी ओळख खालीच असते. दुसरी कॅमेऱ्याची. आजकालचे बरेच फोन झाडपाला समोर दिसला की हिरवा रंग आपोआप गडद करतात. देवळापुढच्या बागेचा फोटो त्याने छान येतो, पण आमचा सगळा जीव त्या फिकट पिवळ्या छटेत अडकलेला असतो आणि नेमकी तीच पुसली जाते. तिसरी, व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक तपशील निघून जातो. चौथी, भर उन्हात पडदा वाचता न येणं. फोटो काढला तेव्हाच नीट दिसला असता तर मी तिथल्या तिथे दुसरा काढला असता.

तो जुना फोन या ऑगस्टमध्ये बंद पडला. भुरी रोगासाठी गंधक धुरळताना तो माझ्या ॲप्रनच्या खिशात असायचा. चार्जिंगच्या भोकात भुकटी साचत गेली, वर पावसाळ्याची ओल. दुरुस्तीवाल्याने खोलून दाखवलं, आत सगळं गंजलेलं. बेदाण्याचे शेवटचे पैसे नुकतेच हातात आले होते आणि छाटणीची मजुरी, डोळे फुटायला लावायची पेस्ट, खतं समोर उभी होती. यांनी सांगितलं, वीस हजारांच्या वर जायचं नाही. बरोबरच होतं ते.

मग रात्री जेवणं झाली की माझा अभ्यास सुरू. पुतण्या सांगलीला इंजिनिअरिंगला आहे, तो मदतीला. शेवटी तीन फोन उरले: सॅमसंगचा गॅलेक्सी एम३५, मोटोरोलाचा मोटो जी६४ आणि सीएमएफचा फोन १. तिन्ही फाईव्ह जी, तिन्ही २०२४ मध्ये भारतात आलेले. जी६४ एप्रिलमध्ये आला तेव्हा ८ जीबी रॅमवाला १४,९९९ ला होता. जुलैमध्ये आलेला सीएमएफ १५,९९९ पासून आणि एम३५ १९,९९९ पासून. सणाच्या सवलतीत सगळेच थोडे खाली आले होते.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवला नाही. तिघांत सीएमएफचा डायमेन्सिटी ७३०० सगळ्यात चपळ, पण मला गेम खेळायचे नाहीत. रॅमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट कळली ती सांगते. जाहिरातीत "८ जीबी + ८ जीबी" असं लिहिलेलं असतं ना, त्यातली दुसरी ८ ही खरी रॅम नसते. फोनच्या साठवणुकीतलाच एक कोपरा रॅमसारखा वापरतात, आणि तो खऱ्या रॅमच्या मानाने बराच संथ असतो. म्हणून अधिकचं चिन्ह दिसलं की आधीचा आकडा वाचायचा. फाईव्ह जीचंही तसंच. गावात जिओचं फाईव्ह जी लांब पोचतं ते ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर, त्यामुळे फोनमध्ये एन२८ हा बँड आहे का एवढं बघून घ्यावं. आमच्या मळ्यात अजून फोर जीच येतं, पण फोन पाच वर्षं वापरायचा आहे.

पाच वर्षं. सगळा हिशोब इथेच फिरला. आमच्या घरात फोन पडेपर्यंत चालवतात. बँक, यूपीआय, ई-पीक पाहणी, सगळं एकाच फोनवर. पीक पाहणीसाठी तर शेताच्या गटातच उभं राहून फोटो चढवावा लागतो, ते ॲप चाललं नाही तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेचे अपडेट बंद झाले की फोन हातात चांगला दिसतो, पण एकेक ॲप त्याच्यावर चालायचं थांबतं. जी६४ ला कंपनीने अँड्रॉइडची एक पुढची आवृत्ती आणि तीन वर्षं सुरक्षा देऊ केलेली. सीएमएफला दोन आवृत्त्या आणि तीन वर्षं. एम३५ ला चार आवृत्त्या आणि पाच वर्षं. किमतीतला चार-पाच हजारांचा फरक मी वर्षांवर वाटून बघितला तेव्हा महाग वाटणारा फोन स्वस्त पडत होता.

तरीही निवड पक्की केली नाही, कारण कागदावरचा फोन आणि बागेच्या मांडवाखालचा फोन यांत फार अंतर असतं. पानं घेऊन निघाले ती त्यासाठीच.

पुतण्याच्या मित्राकडे एम३५ होता, तो त्याने दोन तासांसाठी मागून आणला. बाकीचे दोन दुकानात होते. दुकानदाराला म्हटलं, "दादा, हे दोन्ही फोन मला बाहेर रस्त्यावर नेऊन बघायचेत." तो आधी कचरला. मग म्हणाला, "न्या वहिनी, पण दुकानातल्या पोराला बरोबर घ्या." साडेबारा वाजले होते. मी, पुतण्या आणि तो पोरगा, आम्ही तिघं फुटपाथवर उभे, प्रत्येकाच्या हातात एक फोन, पडदा पूर्ण उजेडावर.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिन्ही पडदे सुंदर दिसतात. उन्हात तसं होत नाही. जी६४ चा पडदा एलसीडी, बाकी दोघांचे ॲमोलेड. ॲमोलेडमधला काळा खरोखर काळा राहतो आणि उन्हात फोन स्वतःहून उजेड वाढवतो, त्यामुळे अक्षरं उठून दिसतात. पडद्याच्या उजेडाचे जे आकडे छापतात, हजार निट्स, दोन हजार निट्स, त्यात मोठा आकडा बहुतेक वेळा पडद्याच्या लहानशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरता असतो. सीएमएफचा छापील आकडा एम३५ च्या दुप्पट आहे. माझ्या डोळ्यांना त्या दुपारी दोन्ही सारखेच वाचता आले. आणखी एक गोष्ट: यांचा उन्हाचा चष्मा लावून बघितलं तर एक फोन आडवा धरल्यावर पडदा जवळजवळ काळा पडला. चकाकी कमी करणाऱ्या (पोलराइज्ड) काचांचा तो परिणाम. तुम्ही असा चष्मा वापरत असाल तर दुकानात फोन उभा-आडवा फिरवून बघाच.

मग डबा उघडला. छाटणीआधीची जुनी पानं, त्यामुळे खालच्या बाजूला तांबेरा होता, नारिंगी पुटकुळ्या, मोहरीच्या दाण्याहून बारीक. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. पोराने विचारलं, "काकी, हा रोग आहे?" म्हटलं, "हो, पण आता पंधरा दिवसांत छाटणीच आहे." त्याने मग स्वतःच पान धरलं, माझ्या सावलीत. हेही महत्त्वाचं: थेट उन्हात पानाची खालची बाजू पांढुरकी दिसते, बुरशी आणि पानाची लव यांतला फरक कळत नाही. फोटो स्वतःच्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून काढावा.

जवळून फोटो काढण्याची गंमत अशी की २ मेगापिक्सलचा जो वेगळा मॅक्रो कॅमेरा बऱ्याच स्वस्त फोनांना असतो, त्यात पुटकुळ्या म्हणजे नारिंगी धूसर ठिपके. त्याला फोकसच करता येत नाही, ठरावीक अंतरावर जे येईल ते. एम३५ ला तोच आहे. सीएमएफला मॅक्रो नाही आणि रुंद फोटोचा कॅमेराही नाही. जी६४ चा ८ मेगापिक्सलचा रुंद कॅमेरा मात्र फोकस करतो आणि त्यावरच जवळचे फोटो निघतात. पानाच्या परीक्षेत तोच पहिला आला, आणि मी तिथे दहा मिनिटं गप्प उभी राहिले. कारण माझं सगळं दुखणं त्या एका फोटोतच होतं.

तेवढ्यात गळ्यातलं भिंग हाताला लागलं. फुलकिडे आणि लाल कोळी बघायला सरांनी दिलेलं, दहापट मोठं दाखवणारं. एम३५ च्या मुख्य कॅमेऱ्यावर ते टेकवलं आणि पान हळूहळू जवळ आणलं. पुटकुळी पडद्यावर हरभऱ्याएवढी झाली. कडा सुट्या सुट्या, वरची भुकटीसुद्धा दिसत होती. पोरगा "आयला!" म्हणाला आणि दुकानदाराला बोलवायला आत पळाला. मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सलचा, हात हलला तरी सांभाळून घेणारा. एरवी तो चार-चार ठिपके जोडून साडेबारा मेगापिक्सलचा फोटो देतो, पण सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण ५० चा काढला तर वीतभर अंतरावरून काढलेलं पानही नंतर मोठं करून बघता येतं. भिंग आणि हे सेटिंग, दोन्ही मिळून मॅक्रोची उणीव भरून निघाली.

रंगाचं सेटिंग त्याच वेळी शोधलं. दृश्य ओळखून रंग सुधारण्याची सोय बंद केली, तेव्हा पान जसं होतं तसं दिसलं: थकलेलं, कडेला पिवळं. बघून मला खरंच बरं वाटलं.

एम३५ मध्ये मला दोन गोष्टी खटकतात आणि त्या सांगायलाच हव्यात. त्याला धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा कुठलाही आयपी दर्जा जाहीर केलेला नाही. बाकी दोघांना आयपी५२ आहे, पण तोसुद्धा थोडी धूळ आणि वरून पडणारे थेंब एवढ्यापुरताच, ब्लोअरच्या फवाऱ्यापुढे तो टिकेल असं मी धरणार नाही. त्याहून वरचा आयपी६८ दर्जा असलेले फोन आमच्या हिशोबात बसले नाहीत. म्हणून जुन्या फोनच्या अनुभवावरून नियमच केला: फवारणीला फोन पारदर्शक पिशवीत, चार्जिंगच्या भोकाला रबराचं बूच, आणि गंधकाच्या दिवशी फोन घरी. दुसरं, डब्यात चार्जर येत नाही. जुन्याच फोनचा टाइप-सी चार्जर चालतो. हळू चार्ज होतो, पण ६००० एमएएचची बॅटरी दीड दिवस सहज जाते. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते, मोटर चालू करायला दोन वाजता उठताना टॉर्चही फोनचाच, तेव्हा बॅटरीवर मी तडजोड केली नसती.

एम३५ च घेतला. सहा जीबी, १२८ जीबी. रबरी हातमोज्यांतून बोट ओळखत नाही, पण स्पर्श जास्त संवेदनशील करायचं सेटिंग चालू केल्यावर पातळ मोज्यातून फोन उचलता येतो.

सगळ्यात जास्त उपयोग होतोय तो मात्र मी खरेदीच्या यादीत लिहिलाच नव्हता अशा गोष्टीचा, आणि ती कुठल्याही चालू अँड्रॉइड फोनवर आहे. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर मराठी निवडून माईक दाबायचा आणि बोलायचं. निर्यातीच्या बागेला प्रत्येक फवारणीची नोंद लागते: तारीख, औषध, प्रमाण, काढणीपूर्वी किती दिवस. आधी मी संध्याकाळी आठवून वहीत लिहायचे आणि एखादी राहून जायची. आता टाकी भरता भरता बोलते. औषधांची नावं तो कधी कधी वेगळीच लिहितो, तेवढी हाताने दुरुस्त करते. आत्यांनाही शिकवलं. त्या मुंबईच्या नणंदेला आता स्वतः निरोप लिहून पाठवतात, त्यांच्याच बोलीत.

छाटणी १० ऑक्टोबरला झाली. पेस्ट लावून नवव्या दिवशी डोळे फुगलेले दिसले. कापूस फुटला, म्हणजे डोळा उमलला, की तो गुलाबी-पांढरा कोंब भिंगातून फार देखणा दिसतो, त्याचे मी वीसएक फोटो काढले असतील.

पहिला पाऊस परवा झाला, पाच-सात मिनिटांचा. फुटीवर पाच-सहा पानं आलेली, कोवळी. उजाडताच खालच्या अंगाच्या त्याच सहा ओळींत गेले. बारा पानं बघितली, प्रत्येकाच्या दोन्ही बाजू, माझ्या सावलीत धरून. फोटो दाबले जाऊ नयेत म्हणून डॉक्युमेंट करून सरांना पाठवले. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.

"ताई, सातव्या फोटोतलं पान कुठल्या ओळीतलं आहे?"

"चौथ्या. बांधाकडनं तिसरं झाड."

"आजच फवारा," ते म्हणाले. यांनी ब्लोअर जोडायला घेतला.