किनारा नोंद, महिना अकरावा: मी कचऱ्यात टाकलेली अंडी

मंडळी, मोठा गॅप पडला, माहितीये. जूनपासून आमच्या ग्रुपने खडकांवरचे वॉक बंदच ठेवले होते, पावसाळ्यात शेवाळ आणि लाटा दोन्हीचा भरवसा नाही, परवाच्या रविवारी जुहूला सीझनचा पहिला वॉक झाला म्हणून आज लिहायला बसलेय. नवीन लोकांसाठी थोडक्यात: राहते जोगेश्वरीत, नोकरी अकाउंट्सची, गेल्या नोव्हेंबरपासून एका छोट्या निसर्ग ग्रुपबरोबर ओहोटीत किनारे बघत फिरते. वॉक फुकट असतात, नंतरच्या चहा-वडापावचे पैसे ज्याचे त्याने.

त्याआधी दोन वर्षं मी फक्त क्लीनअपला जायचे. वर्सोव्याला २०१५ मधे अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली, मग २०१८ मधे तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसली, ते व्हिडिओ बघूनच मी यात पडले. ग्लोव्हज घालायचे, गोणी धरायची, दिसेल ते उचलायचं. आणि दिसेल ते उचलायचं हाच घोळ झाला.

डिसेंबरच्या वॉकला आमच्या लीडरने (कॉलेजचा मुलगा आहे, पण त्याला सगळे सर म्हणतात आणि तो लाजतो) ओल्या वाळूवर पडलेली एक गोष्ट दाखवली. रबरी वाडग्याचा तळ फुटला आणि नुसती कड उरली तर कसं दिसेल तसं, राखाडी, हाताला थोडं लवचिक. मी म्हटलं हे तर मी ढिगाने उचललंय क्लीनअपला. तो गप्प झाला. मग सांगितलं की ही मून स्नेलची अंडी आहेत. ती गोगलगाय वाळू आणि चिकट द्रव एकत्र करून त्यात अंडी घालते आणि स्वतःच्या भोवती अशी कॉलर बनवते, ओली असताना रबरासारखी, वाळली की पापडासारखी मोडते. म्हणजे मी दोन वर्षं किनारा साफ करताना किती हजार अंडी प्लास्टिकच्या गोणीत भरून ट्रकमधे चढवली असतील, त्याचा हिशोब मांडायचा नाही असं ठरवलंय, अकाउंट्सवाली असून.

त्या दिवसानंतर मी मून स्नेलच्याच मागे लागले. दिसायला अगदी गरीब, गुळगुळीत गोल शंख, पण पक्की शिकारी. वाळूखालून सरकत जाते, शिंपला सापडला की पायाने धरून ठेवते, आम्ल सोडत सोडत जिभेने त्याला भोक पाडते आणि आतलं खाऊन टाकते. भोक अगदी गोल, बाहेरून रुंद आतून अरुंद, जणू कोणी ड्रिल लावून कड घासलीये. लहानपणी आम्ही चौपाटीवर भोकवाले शिंपले शोधून माळा करायचो ना, ते आयतं भोक पाडणारी बहुतेक हीच!

आता ओहोटीचं गणित, कारण मागच्या वेळी तिघांनी विचारलं होतं. मी सुरुवातीला टाइड ॲप घेऊन बसायचे, आई (माहेर अलिबागकडचं) बघायची आणि हसायची. शेवटी एकदा भिंतीवरचं कालनिर्णय काढून समोर ठेवलं. म्हणाली, तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळव, ती ओहोटी. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीनला भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, ओहोटी सव्वापाच-सहाच्या. मी ॲपशी ताडून बघितलं, दहा-वीस मिनिटांचा फरक. आमच्या कामाचे दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या आणि पुढचे तीन-चार दिवस, उधाणाची ओहोटी असल्याने पाणी लांब जातं आणि वेळही सकाळची मिळते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड आत नाही धड बाहेर नाही, जाऊन उपयोग नाही. आता हे सगळं रविवारी जुळायला हवं! ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी वळलं की अर्ध्या तासात बाहेर, हा ग्रुपचा नियम, यावर वाद नाही.

बाकी प्रगती. खडकावर पहिले तीन वॉक मला काहीच दिसायचं नाही, खरंच सांगते, लोक ओरडायचे इकडे या इकडे या आणि मला नुसता काळा दगड. कार्टर रोडला मी ज्याला शेवाळ समजून पाय ठेवणार होते ती झोअँथिडची सतरंजी निघाली, हिरव्या बटणांसारखे शेकडो जीव एकमेकांना चिकटून. (हात लावू नका, काहींमधे जबरी विष असतं. कोन शंखालाही नाही, कितीही सुंदर असो.) हाजी अलीला नाण्याएवढं कोरल बघितलं, मुंबईत कोरल आहे हे आमच्या ऑफिसात कोणी मानायला तयार नाही, आणि ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे म्हटल्यावर तर हसलेच. जुहूच्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी असते ना, ती बबलर खेकड्याची, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेली गोळी बाजूला ठेवतो. त्याला पंधरा मिनिटं बघत बसले, मुलगा कंटाळून भुट्टा आणायला गेला.

एकदा घसरून आपटले पण. रबरी चप्पल घालून गेले होते, चूक माझीच. मोबाइल डबक्यात, मॅक्रो लेन्सची क्लिप कायमची गेली. आता मागे पट्टा असलेल्या फ्लोटर्स वापरते.

पावसाळ्यात खडक बंद असले तरी जुहूला वाळूवरून दोनदा चक्कर मारली, ब्लू बॉटल बघायला. नैऋत्येचा वारा त्यांना किनाऱ्यावर ढकलतो. निळा फुगा आणि खाली लांब दोरे, जेलीफिश वाटतो पण तो एकच एक प्राणी नाही, अनेक जीवांची कॉलनी आहे. वाळूत मेलेला पडलेला असला तरी दोरे डंख मारतात, एक काका काठीने फोडत होते आणि नातू अनवाणी बाजूला उभा, मी जरा ओरडलेच त्यांच्यावर.

गणपतीत आमच्या सोसायटीत ग्रुपने फोटोंचं छोटं प्रदर्शन लावलं. मोठी माणसं प्रसाद घेऊन पुढे सरकली, पोरं मात्र भोकवाल्या शिंपल्यांपाशी अडकली. एकीने घरून स्वतःची माळ आणून प्रत्येक भोक तपासलं आणि जाहीर केलं की यातली चार गोगलगायीची आहेत, बाकी पप्पांनी खिळ्याने पाडलीत.

आणि परवाचा वॉक. तृतीया होती, ओहोटी सव्वाआठची. माझ्याच डोक्यातून निघालं होतं की क्लीनअप आणि वॉक एकत्र करायचा: आधी अर्धा तास फक्त बघायचं, कॉलर, अंडी, जे जिवंत दिसेल त्याच्याभोवती वाळूत काठीने मोठा गोल काढायचा, आणि मग गोण्या घेऊन उतरायचं, गोलाच्या आत हात घालायचा नाही. सात कॉलर सापडल्या. पाच वाचल्या. एक कुत्र्याने नेली आणि एक दुसऱ्या ग्रुपच्या उत्साही ताईंनी उचलली, ग्लोव्हज, गोणी, सगळं जसं माझं होतं तसंच. धावत जाऊन सांगितलं तर त्यांनी गोणी पालथी करून शोधून परत ठेवली, पण मोडली होती. त्या बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. मी नंबर घेतलाय त्यांचा.

पुढच्या रविवारी दशमी, ओहोटी भर दुपारी दीडला आणि तीही भांगाची, त्यामुळे सुट्टी. त्याच्या पुढचा रविवार जमतोय असं दिसतंय, आईला विचारून वेळ कळवते.